पुलाच्या अलीकडे, पुलाच्या पलीकडे

कोल्हापुरात घर शोधायला आलेल्याने घरमालकाला भाडं नंतर विचारावं. आधी विचारावं, "एकोणीसच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?"

उत्तर लगेच येतं आणि ते कधी फुटांत येत नाही. "तिसऱ्या पायरीला लागलं होतं." "मीटरच्या पेटीपर्यंत." "त्या समोरच्या आंब्यापाशी थांबलं बघा." घरमालक घुटमळला, "ह्या बाजूला तसं काय येत न्हाय" एवढंच म्हणून विषय नळाच्या प्रेशरवर नेऊ लागला, तर खाली उतरावं आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला तोच प्रश्न विचारावा. त्याची साखरेची पोती भिजलेली असतात. तो विसरत नाही.

मुंबई-पुण्याहून नोकरीसाठी इकडे निघालेल्या कुटुंबाचा हिशेब बहुतेक वेळा एकाच वजाबाकीवर उभा असतो: तिथलं भाडं वजा इथलं भाडं. वजाबाकी बरोबर असते, पण तिच्यात कोल्हापूर कुठेच नसतं. हे शहर परवडतं ते अंतरांमुळे. शाळा, मंडई, दवाखाना, बँक, आजीचं देऊळ सगळं स्कूटरच्या टप्प्यात. दुपारी मूल तापलं तर आई किंवा बाप अर्ध्या तासात शाळेच्या फाटकाशी उभा राहू शकतो. पाळणाघराचे जादा तास, दुसरी गाडी, रोजचं बाहेरचं खाणं हे मोठ्या शहरातले खर्च अंतरातून जन्मतात, आणि अंतर गेलं की बरेचसे आपोआप गळतात. म्हणून घर निवडताना रुपयांच्या आधी मिनिटं मोजावी लागतात, आणि मिनिटं मोजताना नदी धरावी लागते.

नकाशा एकदा नीट बघा. शहर पंचगंगेच्या दक्षिणेला. शिरोलीची औद्योगिक वसाहत उत्तरेला, पुलाच्या पलीकडे. गोकुळ शिरगाव आणि त्याच्याही पुढची कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत दक्षिणेला, पुलाच्या अलीकडे. कोरड्या दिवसांत हा फरक जाणवतही नाही. कावळा नाक्यावरून तावडे हॉटेलच्या चौकात आलं, पूल ओलांडला की शिरोली. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीची पातळी जिथे मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. पुणे-बेंगळुरू वाहतूक जवळजवळ आठवडाभर थांबली, ट्रकांच्या रांगा लागल्या, शहरात पेट्रोल आणि भाजीची टंचाई झाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. २००५ चा पूर तर जुन्या लोकांचं मोजमापच आहे. तेव्हा शिरोलीत नोकरी आणि शहरात घर असेल, तर कधीतरी काही दिवस कामावर जाता येणार नाही हे मुलाखतीच्या दिवशीच धरून चालावं. काही कारखाने त्या दिवसांत माणसांची आतच राहायची सोय करतात, काही हजेरी मांडतात, काही रजा कापतात. हे विचारलेलं कुणाला वावगं वाटत नाही. उलट उमेदवार शहर समजून आलाय, हे समोरच्याला कळतं.

शहरातली पाण्याची वाट ठरलेली आहे. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, बापट कॅम्प, रमणमळा आणि नागाळा पार्कचा सखल भाग इथे आधी पाणी शिरतं. मोठ्या पुरात ते जयंती नाल्यातून मागे फुगत व्हीनस कॉर्नरपर्यंत येतं. गंमत म्हणजे यातले काही भाग एरवी फार चांगले, झाडीचे, शांत, आणि म्हणून नव्या माणसाला पहिल्या फेरीतच आवडणारे. तिथे घर घेऊच नये असं नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर बिनघोर राहता येतं, फक्त तीन गोष्टी बघाव्या: विजेचे मीटर कुठल्या उंचीवर बसवलेत, पाण्याचा पंप आणि लिफ्टची मोटर जमिनीखाली तर नाही ना, आणि चारचाकी लावायला जवळपास उंचवटा आहे का. मीटर तळमजल्याच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर असले, तर पाणी घरात न येताही वीज तोडावी लागते, आणि वीज गेली की टाकीत पाणी चढत नाही. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन पूररेषा असतात: निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विकत घ्यायचं असेल तर त्या बघाव्याच. भाड्याच्या घराला दुकानदार पुरतो.

दुसरी रेषा नदीची नाही, महापालिकेची आहे. कोल्हापूर महापालिका १९७२ साली झाली आणि हद्दवाढीचा वाद तिच्याइतकाच जुना. त्यामुळे डोळ्यांना शहरच वाटणारे उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी हे भाग कागदावर ग्रामपंचायती. २०१७ मध्ये अशा ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण झालं, पण नळ, कचरा, गटार हे रोजचे प्रश्न ग्रामपंचायतीकडेच राहिले. भाडं तिकडे कमी असतं, घरं नवी असतात, गाडी लावायला जागा असते. बदल्यात पाणी कुठलं आणि किती वेळ येतं ते विचारावं लागतं. शहराला २०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडी धरणातून थेट नळाने पाणी येऊ लागलं. हद्दीबाहेरच्या सोसायट्यांत अजून बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर ही जोडी दिसते. बोअरचं पाणी जड असेल तर वर्षभरात गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, नळाच्या जाळ्या बुजतात, डाळ शिजायला वेळ घेते. बघायला गेल्यावर बाथरूममधल्या नळाची जाळी बोटाने खरवडून पाहावी. पांढरी पूड हाताला लागली की समजावं.

घर कधी बघावं यावर इथल्या जाणत्यांचं मत ठाम आहे: घर पाहावं आषाढात आणि सामान हलवावं वैशाखात. पावसाळ्यात भिंतीची ओल, गच्चीची गळती, गल्लीतलं तुंबणारं पाणी सगळं उघडं पडतं. उन्हाळ्यात नुकताच रंग दिलेली भिंत काहीच बोलत नाही. पण नोकरीचं पत्र आषाढाची वाट बघत नसतं. मग उन्हाळ्यात बघताना एवढं करावं: कपाटं उघडून आतली मागची भिंत पाहावी, कारण तिथे रंग देत नाहीत; शेवटच्या मजल्यावर असाल तर छताच्या कोपऱ्यातले पिवळे डाग पाहावे; पश्चिमेच्या भिंतीला हात लावावा, कारण पाऊस तिकडून येतो.

आता भाड्याचा हिशेब. जुन्या करपद्धतीत असलेल्या नोकरदाराला घरभाडे भत्त्यावर करसवलत मिळते, आणि तीन रकमांपैकी सर्वांत लहान रक्कम करमुक्त होते: प्रत्यक्ष मिळणारा भत्ता, भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा करून उरलेली रक्कम, आणि मूळ पगाराचे ५० टक्के (मुंबईत) किंवा ४० टक्के (कोल्हापुरात). समजा मूळ पगार ५०,००० आणि भत्ता २०,०००. मुंबईत ३५,००० भाडं भरत असाल तर भाड्यातून ५,००० जाऊन ३०,००० उरतात, ५० टक्के म्हणजे २५,०००. सर्वांत लहान रक्कम भत्त्याचीच, म्हणून सगळे २०,००० करमुक्त. तोच पगार घेऊन कोल्हापुरात १३,००० च्या घरात आलात तर १३,००० वजा ५,००० म्हणजे ८,०००, एवढेच करमुक्त. उरलेले महिना १२,०००, वर्षाचे १,४४,०००, करपात्र झाले. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह त्यावर साधारण ३०,००० कर बसतो. भाड्यातली वार्षिक बचत २,६४,००० दिसली होती, त्यातले ३०,००० असे निसटतात. बचत अजूनही भरपूर आहे, पण नवा पगार ठरवताना "तिकडं खर्च कमी आहे, थोडं कमी घ्या" असं समोरून आलं की हा आकडा खिशात असावा. नव्या करपद्धतीत ही सवलतच नाही, त्यामुळे तिथे भाड्यातली बचत जशीच्या तशी हातात राहते.

पगार कमी घ्यायचा की नाही, यापेक्षा मोठा प्रश्न दुसऱ्या नोकरीचा. कोल्हापूरचा कणा फाउंड्री आणि मशीन शॉप. उद्यमनगरच्या शेडपासून पंचतारांकित वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यांपर्यंत बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर, मोटारी, पंप आणि इंजिनांचे सुटे भाग ओतले जातात किंवा कातले जातात. मेथड, पॅटर्न, फेटलिंग, क्वालिटी, मेंटेनन्स या विभागांतल्या माणसाला इथे एक नोकरी सुटली तर दुसरी मिळते, बऱ्याचदा घर न बदलता. पण वाहन उद्योगाच्या मागणीत मंदी आली की सगळ्यांकडे एकदमच येते, आधी तिसरी पाळी बंद होते, मग ओव्हरटाइम. म्हणून मुलाखतीत विचारावं: किती ग्राहक आहेत, आणि सर्वांत मोठ्या ग्राहकाचा कामातला वाटा किती? एकाच कंपनीचं काम करणाऱ्या शेडमध्ये नोकरी धरणं म्हणजे एकाच दोरीवर सगळं धुणं वाळत घालणं. पगार दर महिन्याला कोणत्या तारखेला होतो, हे तिथल्या चहावाल्यालाही माहीत असतं. पीएफचे पैसे जमा होतात का, ते पहिल्या दोन-तीन महिन्यांत ऑनलाइन पासबुकात स्वतः बघावं. पगारपत्रकावर कपात दिसणं आणि खात्यात पैसे पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सॉफ्टवेअर, जाहिरात, माध्यमं, वित्त या क्षेत्रांत मात्र पर्याय विरळ. बहुतेक कुटुंबं परत फिरतात ती याच कारणाने, आणि परत फिरायला लावणारी नोकरी बहुतेकदा बायकोची असते. नवऱ्याची बदली "आपली" बदली म्हणून साजरी होते, बायकोची नोकरी "तिकडं बघू काहीतरी" या वाक्यात गुंडाळली जाते. सहा महिन्यांनी ते "काहीतरी" म्हणजे निम्म्या पगाराची शाळेतली किंवा एखाद्या ऑफिसातली नोकरी निघते. म्हणून निघण्याआधी दोघांचे हिशेब स्वतंत्र मांडावे. तिची मुंबईची नोकरी घरून चालणार असेल तर कंपनीकडून तसं लेखी घ्यावं, महिन्यातून किती वेळा यावं लागेल आणि प्रवास कुणाच्या खर्चाने तेही. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघते आणि सकाळी मुंबईला पोचवते, पण शुक्रवार-रविवारची बर्थ आयत्या वेळी मिळत नाही; आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच काढावं. विमानतळ उजळाईवाडीला आहे खरा, पण विमानांची वेळापत्रकं बदलत राहतात. नोकरी त्यांच्या भरवशावर ठेवू नये. घरी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट आणि राउटरला छोटा यूपीएस, एवढी तजवीज पावसाळ्याआधी हवी. वकिलांचं गणित मात्र अलीकडे पालटलं: १८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं, आणि सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची वारी कमी झाली.

एक छोटी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. औद्योगिक वसाहतींत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही. शाळा रविवारी बंद, बाप दुसऱ्याच वारी घरी, आई शनिवार-रविवार: असं झालं की एका घरात राहून आठवड्यातला एक अख्खा दिवसही तिघांना एकत्र मिळत नाही. हे निवडीत धरा.

करार. लहान शहरात घरमालक सहसा म्हणतो, "कशाला नोंदणी, नोटरी करून टाकू." महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ११ महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर वाद झाल्यावर भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ही एक ओळ सौम्य आवाजात सांगितली की घरमालक बहुधा राजी होतो. खर्चही फार नाही: ११ महिने, भाडं १३,०००, अनामत ५०,००० असं धरलं तर एकूण भाडं अधिक अनामतीवरचं १० टक्के दराने धरलेलं व्याज, यावर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे चारशेच्या आत, नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००, शिवाय घरी मशीन घेऊन येणाऱ्याची मजुरी. दोघांचेही आधार आणि अंगठे लागतात. म्हाताऱ्या घरमालकाच्या बोटांचे ठसे झिजून उमटत नाहीत, तेव्हा एक दिवस हाताशी ठेवूनच वेळ ठरवावी. नोंदणीकृत करार हातात असला की गॅस, बँक, आधारचा पत्ता, सगळी दारं त्याच किल्लीने उघडतात. नोटरीच्या कागदावर प्रत्येक खिडकीशी नवा वाद.

करारात वीज मीटर स्वतंत्र आहे का, हे लिहून घ्यावं. जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांच्या वरच्या मजल्यांवर पोटमीटर असतो आणि घरमालक युनिटला ठरावीक दर लावतो. महावितरणचा दर वापरासोबत पायरीपायरीने चढतो: पहिली १०० युनिटं स्वस्त, पुढची महाग. दोन घरांचं मिळून एकच मीटर असलं की दोघांची युनिटं एकत्र होऊन वरच्या पायरीवर जातात आणि कमी वीज वापरणारा भाडेकरू घरमालकाच्या एसीचा भार उचलतो.

शाळेचं काम फेब्रुवारीतच सुरू करावं. कोल्हापुरात मराठी आणि सेमी इंग्रजी माध्यमाच्या चांगल्या शाळा आहेत, आणि मुंबईत सेमीला नाक मुरडणाऱ्या पालकांनी इथे ती वर्गात बसून पाहावी असं सुचवावंसं वाटतं: गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, मुलाचे दोन्ही पाय जमिनीवर. क्रम असा. आधी नव्या शाळेकडून प्रवेश मिळेल असं पत्र. मग जुन्या शाळेत अर्ज आणि फीची बाकी चुकती. मग शाळा सोडल्याचा दाखला. आणि शेवटी, जे सर्वांत जास्त विसरलं जातं, जुन्या शाळेने सरकारी पोर्टलवरून विद्यार्थ्याला मोकळं करणं. ते झाल्याशिवाय नवी शाळा त्याचं नाव आपल्याकडे ओढू शकत नाही. दाखला हातात, मूल वर्गात, आणि नाव अजून मुंबईच्या पटावर, असं महिनोन्‌महिने चालतं आणि मग परीक्षेच्या नाहीतर शिष्यवृत्तीच्या फॉर्मवेळी धावपळ. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षरशः एक आहे का ते आधी बघा: वडिलांचं नाव एकीकडे मधे, दुसरीकडे नाहीच, असं असलं की पोर्टल अडतं. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांनी दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघावं. आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे. नववी-दहावीत मात्र मूल हलवणं टाळावंच. सीबीएसईत तर नववीतच मंडळाकडे नोंदणी होते, आणि दहावीला थेट प्रवेशासाठी पालकाच्या बदलीसारखं कारण कागदावर लागतं.

सामान मेअखेरीला हलवावं. जूनच्या मध्यात शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात. दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघराचं सामान साधारण चौदा फुटी ट्रकमध्ये बसतं, पुस्तकं आणि झाडं जास्त असली तर सतरा फुटी लागतो. मुंबईहून पावणेचारशे-चारशे किलोमीटर, वाटेत खंबाटकी, आणि सातारा-कागल सहापदरीकरणामुळे ठिकठिकाणी वळसे. "पार्ट लोड" स्वस्त पडतं, कारण ट्रकवाला दुसऱ्यांचं सामान मिळेपर्यंत थांबतो. तुम्ही रिकाम्या घरात सतरंजीवर झोपता आणि तो अजून भिवंडीत असतो. भाव ठरवताना टोल, हमाली, मजला, उतरवणं सगळं धरून एक लेखी आकडा घ्यावा, सोबत वस्तूंची यादी. दारात ट्रक उभा करून "सामान जास्त निघालं साहेब, आणखी पंधरा द्या" ही या धंद्यातली जुनी खोड, आणि यादी हाच तिच्यावरचा उतारा. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ काढावा आणि उभाच न्यावा. आडवा न्यावाच लागला तर जितका वेळ आडवा होता तितका तरी उभा ठेवून मग चालू करावा, नाहीतर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत चढलेलं असतं. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला ड्रम जखडणारे बोल्ट लावायचे असतात, जे बहुतेकांनी पहिल्याच दिवशी फेकून दिलेले असतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मागवावे, आणि नव्या घरी सुरू करण्याआधी आठवणीने काढावे. सिलिंडर ट्रकमध्ये घालू नये. तो आणि रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावं, त्यावर नव्या गावात जोडणी मिळते. देव आणि लोणच्याची बरणी मात्र ट्रकमधून जात नाहीत. ते मांडीवर येतात.

उरलेली कागदपत्रं भराभर: मतदारयादीतला पत्ता बदलायला अर्ज क्रमांक ८. राज्यातली गाडी असेल तर पुन्हा नोंदणी लागत नाही, ३० दिवसांत फक्त पत्ता कळवायचा. एमएच-०९ ची पाटी नसली तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नव्याने नोंदणी करावी लागते.

आरोग्यविम्याचं एक कलम इथे हमखास चावतं. काही विमा कंपन्या शहरांचे गट करून हप्ता ठरवतात. पत्ता कोल्हापूरचा केला की हप्ता उतरतो आणि माणूस खुश होतो. पण पुढे मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबई-पुण्याला जावं लागलं तर बिलाचा ठरावीक टक्का खिशातून भरायचं कलम त्याच कागदात दडलेलं असतं. म्हातारे आईवडील सोबत असतील तर वरच्या गटाचाच हप्ता भरत राहावं, आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयांत कॅशलेस चालतं ते आजारपणाआधी एकदा जाऊन विचारून यावं. विमा कंपनीच्या संकेतस्थळावरची यादी आणि रुग्णालयातल्या खिडकीवरचं उत्तर एकच असेल असं नाही.

एवढं सगळं जागेवर बसलं की शहर आपला भाग उचलतं. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध ग्लासात मिळतं, आणि पिशवीच्या पातळ दुधावर वाढलेलं पोर पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतं, महिन्याभरात दुसरा ग्लास मागतं. पेठांमधली फुटबॉलची खुन्नस आठवडाभर पुरते, आणि सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमच्या बाजूने घरी जायला वेळ लागतो, हेही मिनिटांच्या हिशेबात धरावं. मिरवणुकांचे आवाज पेठेतल्या घरात मोठे असतात. तान्हं मूल असेल तर राजारामपुरीच्या मागच्या गल्ल्या, सागरमाळ, आर. के. नगर ही बाजू निवांत, आणि गोकुळ शिरगावलाही जवळ. शिरोलीवाल्यांना ताराबाई पार्क किंवा सदर बाजार सोयीचं. आणि एक दिवस मुलगी शाळेतून येऊन "आई, मी आलो" म्हणते. दचकू नये. इथल्या बायका असंच बोलतात, आणि व्याकरणाच्या पेपरात ती बरोबर "आले" लिहिते.

मग जुलै येतो. ऑफिसच्या, सोसायटीच्या, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच मजकूर फिरू लागतो: राजाराम बंधारा, इतके फूट, इतके इंच. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, हे लोक क्रिकेटच्या धावांसारखं सांगतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०२४ च्या जुलैतही पाणी त्याच्या वर गेलं होतं. ३९ आले की सखल भागात राहणाऱ्यांनी गाड्या उंचावर नेऊन लावाव्या, कागदपत्रं आणि शाळेचे दाखले वरच्या कपाटात ठेवावे, आजीची औषधं पंधरा दिवसांची आणून ठेवावी. पुराच्या बाहेर राहणाऱ्यांनीही पिण्याचं पाणी भरावं. २०१९ मध्ये शहराला पाणी उचलणारी पंपघरंच बुडाली होती, आणि चहूकडे पाणी असताना उंचावरच्या वस्त्याही टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. पेट्रोल तेव्हाच भरावं, थोडी रोकड काढून ठेवावी, पॉवर बँक चार्ज करावी. आणि शिरोलीत कामाला असणाऱ्याने ४३ ची वाट न बघता वरिष्ठांना फोन लावून विचारावं, उद्यापासून घरीच राहू, की आज रात्रीच पुलापलीकडे येऊन थांबू?